निळ्या रंगाखालचा हिरवा

“अख्खी ताडपत्री काहून काढून राहिला? गाडीचं तोंड दिसलं तेवढं पुरे,” नसीमबानो म्हणाली. पण तनवीरनं ती दोन्ही हातांनी ओढली आणि धुळीचा लोट अंगणभर पसरला.

पत्र्याच्या शेडमधली ती निळी पिकअप पाहून जुईलीनं खांद्यावरचा कॅमेरा काढला. सकाळच्या एसटीनं ती अमरावतीहून अचलपूरला आली होती. राजापेठेतल्या एका बँकेत नोकरी करायची आणि सुट्टी मिळाली की वऱ्हाडभर हिंडून जुन्या पिकअपचे फोटो काढायची. तनवीरनं ते मोबाइलवर पाहिले आणि आईला न विचारताच तिला बोलावून घेतलं.

“अम्मी, हे पाय,” त्यानं फोन पुढे केला. अकोल्यातली एक पिकअप, तिच्या हौद्यात रसवंती थाटलेली. रिद्धपूरच्या वाटेवरची दुसरी, बॉनेटमधून कडुनिंब उगवलेला.

जुईली आता गाडीभोवती हळूहळू फिरत होती. “दाराचं हँडल एसटीचं आहे ना? आणि काच खाली करायची ही मूठ सागाची. कुणी घडवली?”

“अब्बानं,” तनवीर छाती फुगवून म्हणाला.

अब्दुल सत्तार जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या हातच्या कामाचं असं कुणी कौतुक केलं की नसीमबानोला बरं वाटे. आजही वाटलं. पण मग ती पोरगी मागच्या हौद्यात चढली आणि गुडघे टेकून एकेका फळीचा फोटो काढू लागली. पुढच्या दिव्यांसाठी तिला दोन मिनिटं पुरली होती. हौद्यात मात्र ती रमली ती रमलीच.

“रंग आधीपासून निळाच होता?” तिनं विचारलं.

“निळाच,” तनवीरनं तोंड उघडायच्या आत नसीमबानो म्हणाली.

जुईलीनं कडेचा सुटलेला पोपडा नखानं उचलला. खाली हिरवा रंग होता. त्या नखाएवढ्या हिरव्याकडे ती बराच वेळ बघत राहिली.

नसीमबानो ताडपत्री उचलायला वाकली.

चोवीस वर्षांपूर्वी अब्दुल सत्तार संत्री घेऊन अकोल्याला गेले होते आणि एक दिवस उशिरा परतले. हौदा धुतलेला होता, तरी फळ्यांच्या फटींत लाल राहिलंच होतं. सदऱ्याच्या बाह्या तर रक्तानं कडक झालेल्या. “मले काही विचारू नको,” एवढंच ते बोलले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः गाडीला निळा रंग दिला आणि ती शेडमध्ये लावून टाकली. आठवड्यानं मोटारसायकलवर दोघं जण आले, घरोघर हिरव्या पिकअपची चौकशी करत. “हिरवी गाडी आमच्याइथं नाही,” अब्दुल सत्तार त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाले. आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस!

तेव्हाच नसीमबानो काय ते समजली. कुणाचं तरी माणूस गाडीखाली गेलं होतं.

पुढे त्यांनी दुसरी गाडी घेतली, पण ही ना चालवली, ना विकली. वर्षातून एकदा हौद्यात बसून फळ्या पुसायचे, एकटेच. नसीमबानो दारातून बघायची आणि आत वळायची. तेवीस वर्षं तिनं त्या माणसाला गरम भाकरी वाढली, त्याच्या दुखण्यात उशाशी बसली. पण त्याचा हात हातात घेताना दर वेळी तिला त्या बाह्या आठवत.

“ही गाडी अकोल्याच्या रस्त्यावर असायची ना?” जुईली विचारत होती. “चोवीस वर्षांपूर्वी?”

“तनवीर, चहाले दूध घेऊन ये,” नसीमबानो म्हणाली. तो फाटकाबाहेर पडेपर्यंत तिनं वाट पाहिली. मग म्हणाली, “तू फोटो काढाले नाही आली, पोरी.”

जुईलीनं कॅमेरा खाली केला. “फोटोसाठीही आले, काकू. गाड्या बघता बघता जीव जडला त्यांच्यावर. पण शोधत होते ती एकच. दोनशे अकरा पाहिल्या. आईला एवढंच आठवतं, रंग हिरवा आणि काच खाली करायची मूठ लाकडी.”

ही ती नव्हे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पोरगी एसटीनं परत गेली असती. मोहल्ल्यात अजूनही लोक अब्दुल सत्तारांचं नाव अदबीनं घेत. तनवीर तर बापाचं नाव निघालं की ताठ होऊन बसे. नसीमबानोनं ओठ उघडले, पण ते तीन शब्द काही तिच्या तोंडून बाहेर पडेनात.

“तुह्या आईनं पायलं का सारं?” तिनं विचारलं. “कोण होता तो? तुहा बाप?”

“काय म्हणताय काकू?”

“ज्याले शोधाले आली, त्याले अल्लानं नेलं. आता मलेच बोल काय बोलायचं ते.” नसीमबानोनं हात जोडले. “मी रक्त पायलं होतं, पोरी. गाडीखाली माणूस गेलं, हे मले तवाच कळलं. मी कोणाले सांगतलं नाही. त्यायलेबी कधी विचारलं नाही. माफ कर आमाले.”

जुईली हौद्यातून खाली उतरली. तिनं ते जोडलेले हात आपल्या हातांत घेतले.

“कुणी मेलं नाही, काकू. माझी आई सासरच्या मारातून पळाली होती. सासरची माणसं तिच्या मागावर होती. माझ्याबद्दल घरीसुद्धा सांगू नका, अशी शपथ तिनंच काकांना घातली होती.” तिनं मागे वळून हौद्याकडे पाहिलं. “माझा जन्म या हौद्यात झालाय. तुमच्या माणसाच्या हातांवर.”