लाकडी सहा-दोन

धनी गेल्यावर क्लबातली त्यांची खुर्ची मी सोडली नाही, म्हणून भुईगावच्या मेंबरांनी अट घातली: इनासभावजींना डॉमिनोत हरवायचं, नाहीतर घरी बसायचं. हातात शेवटची सोंगटी होती, सहाच्या टोकाला लागणारी; ती लावली की डाव माझा. भावजींपुढे दोन उभ्या, त्यातली एक लाकडी. बाकी सगळ्या हाडाच्या; एक हरवली तेव्हा सहा-दोनाची ही धन्यांनीच कोरलेली. पाठीमागूनही ती अख्खा क्लब ओळखतो. भावजींनी ती सहाला लावली की टोकाला दोन येणार, माझी वाट बंद. भावजींनी टेबलावर टकटक केली. “पास. लागणारी नाही माझ्याकडं.” सगळे मेंबर चहात बघायला लागले. “लावा, वहिनी.” “भावजी, मी अडाणी असेन, पण आंधळी नाही. दया चर्चच्या पेटीत टाका.” त्यांची लाकडी सोंगटी मीच उचलून सहाला टेकवली. मग माझ्या पाळीला टेबलावर जोरात टकटक केली. “पास.”