पाव आटा डावीकडे

नृसिंहरावांनी सुनेच्या पिस्तुलातला स्क्रू शेवटचा पाव आटा डावीकडे फिरवला, छोटा स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला आणि वहीत तारीख घालून तसं लिहून ठेवलं. तीन खुर्च्या पलीकडे बसलेल्या सहादेवनं रुमालात तोंड खुपसलं. त्याला हसू आवरत नव्हतं.

सहादेव राहुरीचा. फवारणीचे पंप दुरुस्त करता करता तो हवेच्या पिस्तुलांवर आला आणि आता आसपासच्या तालुक्यांतले नेमबाज त्याच्याकडे यायचे. मनवाच्या पिस्तुलाची मूठ त्यानं तिच्या पंजाच्या मापानं घासून दिली होती, ट्रिगर लोण्यासारखा केला होता. पण मनवाचे सासरे म्हणजे निवृत्त गणित शिक्षक. दर आठवड्याला ते घरी ट्रिगरचा स्क्रू पिळायचे, आणि बिघडलेलं पिस्तूल घेऊन केडगावहून स्कूटरवर राहुरीला हजर व्हायचे. दोन महिन्यांत नऊ खेपा झाल्या.

दहाव्या खेपेला, मागच्या गणपतीत, सहादेवनं उपाय काढला. मुठीच्या बाजूला त्यानं एक पितळी स्क्रू बसवला. चकचकीत. फिरवला की टिकटिक वाजायचा, पण आत कशालाच टेकत नव्हता. हा बारीक सेटिंगचा, गुरुजी, याच्याशिवाय कशाला हात लावू नका, असं त्यानं गंभीर तोंडानं बजावलं. त्यानंतर पिस्तूल पुन्हा राहुरीला आलं नाही. चालू यंत्र उघडायचं नाही ही सहादेवची शिस्त, म्हणून त्यानंही ते मागवलं नाही. किस्सा मात्र सगळ्यांना सांगितला. राहुरीत ऐकायचं कुणी राहिलंच असेल तर ती कृषी विद्यापीठातली गुरं.

एकच गोष्ट त्याला सलत होती. ती वही. दिवाळीपर्यंत मनवाचा आकडा पाचशे एकतीसच्या आसपास घुटमळत होता. मग चढायला लागला. पाचशे अडतीस, चव्वेचाळीस, बावन्न. प्रत्येक वाढीसमोर गुरुजींनी आपला पाव किंवा अर्धा आटा मांडून ठेवला होता, आणि भेटेल त्याला ते वही दाखवायचे. सहादेवचं नाव त्रेचाळीस नोंदींत एकदाही नव्हतं.

आज मात्र हसण्यापलीकडचा दिवस होता. राज्य स्पर्धेला जायचं तर आजच्या निवड स्पर्धेत सहाशेपैकी पाचशे पंचावन्न हवे होते. गेल्या वर्षी मनवाचे चोवीस कमी पडले होते. यंदा नाही झालं तर पेटी माळ्यावर टाकते, पुन्हा हात लावणार नाही, असं तिनं घरी सांगून टाकलं होतं. आणि मनवा बोललेलं करायची.

नेमबाजीआधी पिस्तुलांची तपासणी झाली. मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये रेंज मांडली होती. दोरीपलीकडच्या टेबलावर अधिकाऱ्यानं पाचशे ग्रॅमचं वजन ट्रिगरला अडकवून पिस्तूल वर उचललं. ट्रिगर सुटला नाही. म्हणजे पास; याहून हलका ट्रिगर नियमात बसत नाही. गंमत म्हणून त्यानं एक पातळ चकती वाढवली, आणि ट्रिगर लगेच सुटला.

"अगदी काट्यावर आणलाय," अधिकारी म्हणाला. "कुणाचा हात आहे हा?"

सहादेव उठेपर्यंत नृसिंहराव "माझा" म्हणून मोकळे झाले होते. सहादेव खाली बसला. त्यानं स्वतः तो पाचशे वीस ग्रॅमवर ठेवला होता. वापरून वापरून उतरला असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

मनवा उभी राहिली. पन्नास गोळ्यांत चारशे बासष्ट. उरलेल्या दहांत त्र्याण्णव हवे होते, आणि पहिलीच गोळी आठवर लागली. तिनं हात वर नेला, न झाडताच खाली आणला. गुरुजी डोळे मिटून ओठांतल्या ओठांत पाढे म्हणत होते. सहादेवनं रुमालाला गाठी मारायला सुरुवात केली. मग दहा. पुन्हा दहा. नऊ. दहा. रुमालाला पाच गाठी झाल्या तेव्हा पडद्यावर शेवटचा दहा उमटला आणि त्याच्याखाली एकूण: पाचशे सत्तावन्न.

मनवा धावत आली ती सासऱ्यांच्या पाया पडायला वाकली आणि मधेच बेत बदलून त्यांच्या गळ्यात पडली. कुणीतरी पेढे आणले. सहादेवनं दोन्ही हात वर करून भर हॉलमध्ये एक गिरकी घेतली, त्यात खुर्ची पाडली. सगळे एकदम बोलत होते. त्या गोंधळात गुरुजींनी वही उघडली आणि चव्वेचाळिसावी नोंद अधिकाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवली: पाव आटा डावीकडे, वाढ पाच गुण.

सहादेवच्या तोंडात पेढा होता. तो त्यानं कसाबसा गिळला.

"गुरुजी, राग मानू नका," तो म्हणाला. "आज आनंदाचा दिवस हाय म्हनून सांगतो. तुमी फिरवताय त्या पितळी स्क्रूचा ट्रिगरशी काही संबंध न्हाई. खरा स्क्रू काळा, आत हाय. त्याला तुमचा हात लागू नये म्हनून मीच तुमाला ते खेळनं बसवून दिलं हुतं."

मनवा घाईघाईनं छताचा पंखा बघायला लागली. नृसिंहरावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि सहादेवच्या खांद्यावर हात ठेवला.

"सहादेवराव, तो पितळी तर दिवाळीतच गळून पडला," ते हळूच म्हणाले. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. तेव्हापासून मी आतला काळाच फिरवतोय."