टीव्हीवरचा पगार

निवेदिकेनं माईक गोकुळच्या तोंडापुढं धरला आणि विचारलं, "कंत्राटी कामगार म्हणून महिन्याला किती पगार पडतो तुम्हाला?"

उत्तर गोकुळला पाठ होतं. चौदा हजार. वाळूजहून क्रांती चौकात येईपर्यंत रिझवान गाडी चालवता चालवता तेच बजावत आला होता. "जास्त बोलू नको यार. पगार सांग, खोलीचं भाडं सांग, गॅस सांग. बस." दोघं एकाच कारखान्यात, एकाच ठेकेदाराकडं, एकाच दिवशी लागलेले. निवडणूक तोंडावर आलेली, म्हणून टीव्हीवाल्यांनी कामगारांच्या पगारावर भर चौकात चर्चा ठेवली होती. दोन पक्षांचे दोन प्रवक्ते खुर्च्यांवर, भोवती बघ्यांचा घोळका.

दुपारी गोकुळनं स्वतःच गावाकडं, गंगापूरला, वडिलांना फोन केला होता. "नाना, संध्याकाळी टीव्ही लावा. मी दिसणार हाय." नानासाहेब आता नाक्यावरच्या हॉटेलात टीव्हीखालीच बसलेले असणार, चारचौघांना गोळा करून. पोरगं कंपनीत सव्वीस हजार कमावतं, असं ते गावभर सांगत. गोकुळनं ते कधी खोडून काढलं नव्हतं.

माईक ओठाला लागला आणि त्याला समोर निवेदिका दिसेना, नाना दिसायला लागले.

"सव्वीस हजार," तो म्हणाला.

सत्तेतल्या पक्षाचा प्रवक्ता खुर्चीतून उठलाच. "ऐका! मी नाही म्हणत, कामगार स्वतः सांगतोय! कंत्राटी माणूस सव्वीस हजार घेतो, आणि हे इथं गळे काढतात!" टाळ्या पडल्या. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "कोणती कंपनी रे भाऊ? मला बी चिकटव!" लोक हसले. विरोधकांचा माणूस कागद चाळत राहिला.

निवेदिकेनं माईक शेजारी वळवला. "तुम्ही यांच्याच सोबत काम करता ना? तुमचा पगार?"

रिझवाननं गोकुळकडं पाहिलं. एकदाच.

"मी नवीन हाय मॅडम," तो म्हणाला. "माझं अजून फिक्स नाय झालं."

परत येताना रिझवान नुसती गाडी हाणत राहिला. शिव्या घातल्या असत्या तर गोकुळला बरं वाटलं असतं. पेट्रोल पंपापाशी सिग्नलला गाडी थांबली तेव्हा गोकुळचा फोन वाजला. "ऐकलं रे सगळ्यांनी!" नाना जवळजवळ ओरडतच होते. "काकासाहेब लई तोऱ्यात असतो, गप बसला गप! चहा मी पाजला सगळ्यांना." सिग्नल सुटला. "ठेवतो नाना," म्हणत गोकुळनं फोन कापला.

रांजणगावला गल्लीच्या तोंडाशी तो उतरला. "रिझवानभाई, माझ्या तोंडातून कसं काय..."

"छोड. बाप बघत असला की माणूस बोलतो काहीबाही." रिझवाननं गाडी वळवली, मग पाय टेकवून थांबला. "पण उद्या गेटवर आपल्या ठेकेदाराकडच्या बाया विचारतील. पगारवाढीसाठी त्यांचा मोर्चा हाय सोमवारी. त्यांना तू सांग. मी नाय सांगणार."

खोलीत त्याची बायको दीपमाला भाकरी टाकत होती. लेक शेजारच्यांकडं खेळायला गेली होती. त्यांच्याच टीव्हीवर बघितलं असणार मायलेकींनी. दीपमालाच्या एका गालात लवंग धरलेली होती. दाढ महिनोन्महिने ठणकत होती, आणि दातांच्या डॉक्टरनं सांगितलेला खर्च ऐकून दोघं तसेच परत फिरले होते.

तिनं ताट वाढलं. समोर बसली. त्यानं एक घास मोडला.

"बाकीचे कुठं देता?"

"काय बाकीचे?"

"मला चौदा आणून देता. वरचे बारा कुठं जातात?" तिचा आवाज चढला नव्हता. "मी या गालानं जेवत नाय चार महिने झाले. पोरीची ट्यूशन बंद केली. कुठं देता सांगा. गावाकडं देता का? का दुसरं कुणी हाय?"

गोकुळला हसू यावं तसं झालं, पण हसू आलं नाही. चौकात, कॅमेऱ्यापुढं, एवढ्या लोकांत खोटं सहज निघून गेलं होतं; इथं एका बाईपुढं खरं निघेना. त्यानं घास ताटात ठेवला.

"नाहीत गं बाकीचे."

"टीव्हीवर सांगितलं ना तुम्ही."

"खोटं सांगितलं. नाना बघत होते. चौदाच हायत. तेवढेच हायत."

तो खाली मान घालून बसला, आता दीपमाला रडेल, नाहीतर बोल लावेल, म्हणून. तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी ती उठली, गॅस बंद केला आणि त्याच्याकडं पाठ करूनच उभी राहिली.

"लई राग आला होता मला," ती म्हणाली. "पण खरं सांगू? जरा बरं बी वाटलं होतं. म्हटलं, पैसे हायत तर कुठंतरी."