भिंतीवरचं यंत्र

आमच्या सूनबाईचं काम क्रेनला आणि टॉवरला झुकाव मोजायची यंत्रं बसवण्याचं. एक दिवस म्हणाली, "आई, मागची भिंत कलतेय. पाडावी लागेल."

ती भिंत मी उन्हात उभी राहून बांधून घेतलेली. म्हटलं, "भिंत सरळ आहे. तुझी मान वाकडी असेल."

तिनं काडेपेटीएवढं यंत्र भिंतीवर बसवलं. "उद्या सकाळपासून मोजेल. केसभर झुकली तरी मला मोबाइलवर कळेल. महिनाभर बघू, हलली तर पाडू."

महिना सरला. आकडा जागचा हलला नाही. मी घरभर सगळ्यांना ऐकवलं.

सूनबाई मात्र मोबाइलकडे बघत बसली. "आई, उन्हानं कुठलीही भिंत जराशी हलतेच. ही एवढी शहाणी कशी?" म्हणत मागे गेली आणि तशीच परत आली. "यंत्र कुठंय?"

"कपाटात, माझ्या दागिन्यांपाशी. तू बसवलंस त्याच रात्री काढून ठेवलं. एवढी महागाची वस्तू भिंतीवर उघडी टाकतात का?"

तिनं कपाळावर हात मारला. "म्हणजे महिनाभर मी तुमचं कपाट मोजत होते?"

"मोज की. भिंत तर कुणी न मोजताच उभी राहिली."