मधाची चिंधी

मंगली बांबू तोडायला जंगलात जाई, तेव्हा तिचा लेक मोठ्या जावेजवळ, सोमारीजवळ राही. सोमारीला मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी आई परतली तरी पोर सोमारीलाच बिलगे. मंगलीचा जीव जळे. मग रोज निजताना ती मधात बुडवलेली चिंधी त्याला चोखायला देऊ लागली. तेव्हापासून पोर तिच्याच कुशीत झोपे. वर्षभरात त्याचे पुढचे दात काळे पडून झिजले, हिरड्या सुजल्या. लेकराला पेजही गिळवेना, तेव्हा दोघी त्याला बैलगाडीनं अहेरीच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. "झोपताना याला गोड कोण देतं?" डॉक्टरांनी विचारलं. मंगलीची मान खाली गेली. "मीच देत होती, सायेब," पोराला मांडीवर घेऊन बसलेली सोमारी म्हणाली. "आई असून एवढं कळत नाही?" डॉक्टर तिच्यावर ओरडले. मंगलीनं जावेकडून पोर ओढून घेतलं. "आई ती नाई, मी आहो. बोलाचं ते मले बोला."