घराचं नाव

"पाटी आजच काढा, काकू," इंद्रजित म्हणाला.

शकुबाईनं पिठातले हात काढले नाहीत. अंगणातल्या निंबाला टेकून फळी उभी होती. त्यावर चुन्यानं लिहिलं होतं, सरगुंडे इथंच भेटतात.

"काहून काढू? आंगन माह्यं, फळी माही."

"पण दिसते रस्त्यावरून."

"मंग रस्त्याले सांगा ना, इकडं पाहू नको म्हनून."

इंद्रजित नगरपंचायतीत कारकून होता. रस्त्याला काही सांगायचे अधिकार त्याला नव्हते. त्यानं नियम वाचून दाखवला. खासगी जागेतही तात्पुरता फलक सात दिवसच. शकुबाईची फळी तात्पुरती होऊन चौथं वर्ष लागलं होतं.

आंब्याच्या रसाचे दोन महिने, तेवढाच तिचा हंगाम. रसासोबत काडीवर वळलेले गव्हाचे सरगुंडे पाहिजेत म्हणून माणसं फळी वाचून बसमधून उतरत. फळी गेली की बस न थांबता पुढं नेरला.

"कायमची पाटी कोनती चालते?"

"घराच्या नावाची. तिला परवानगीच लागत नाही. फक्त रजिस्टरात नोंद करा."

"नाव कोनतंबी?"

"कोणतंही. मातृछाया म्हणा, आईचा आशीर्वाद म्हणा. घर तुमचं आहे."

"हे मातर खरं बोलले तुम्ही," शकुबाई म्हणाली आणि फळी आपल्या हातानं आत नेऊन ठेवली. इंद्रजितला वाटलं, आपण जिंकलो.

दुसऱ्या दिवशी ती कचेरी उघडायच्या आधीच पायरीवर बसून होती. इंद्रजितनं तिचा नोंदीचा अर्ज दोनदा वाचला. मग नियम तीनदा वाचला. घराला काय म्हणू नये, हे त्यात कुठंच नव्हतं. त्यानं शिक्का मारला. चेहरा मात्र कडू काकडी खाल्ल्यासारखा झाला.

पंधरा दिवसांनी नगरपंचायतीनं घरोघरी पत्र्याच्या निळ्या पाट्या लावायला काढल्या. घर क्रमांक, घराचं नाव, अक्षरं वीतभर, अंधारातही चमकणारी. सगळं फुकट. शिपाई मेहुणीच्या लग्नाला गेलेला, म्हणून शकुबाईच्या दारात हातोडी घेऊन खुद्द इंद्रजित आला. त्यानं पाटी भिंतीला लावली.

घर क्र. २१४. सरगुंडे इथंच भेटतात.

"जराशी वर ठोका, साहेब," शकुबाई म्हणाली. "बसमधून दिसली पायजे."