आइकहोफांचं रक्त

ऑगुस्टीन आइकहोफ आपल्या घराण्याची नोंद बघायला माझ्या चर्चमध्ये आले, ते मुलीला ओढतच.

"फादर, हिच्यासमोर वाचा. चारशे वर्षांचं रक्त आमचं, आणि गेझाबाई निघाल्यात तळ्यापलीकडच्या डीकमानांच्या वाडीवर, सून म्हणून."

तिचा लुडगर डीकमान बाहेर पायरीवर उभा होता. त्याला आत यायची मनाई होती.

रक्ताचं हे पुराण मी तीस वर्षं ऐकत होतो. मी जुनी वही उघडली.

"आइकहोफ म्हणजे ओकच्या झाडांची वाडी. नाव वाडीचं, माणसाचं नव्हे. आपल्याकडे पूर्वी जो ज्या वाडीवर नांदायला जाई, तो तिचंच नाव लावी."

"मग? वाडी आमचीच आहे."

"१७६८ साली थोरला आइकहोफ मूलबाळ नसताना वारला. त्याच्या बायकोने डुकरं राखणाऱ्या गड्याशी लग्न केलं. गडी आइकहोफ झाला. तुम्ही त्याचे वंशज."

म्हाताऱ्याने टेबलाची कड धरली. "थोरल्याला भाऊ नव्हता?"

"होता. तो आधीच घरजावई म्हणून गेला होता. त्याने त्या वाडीचं नाव लावलं."

"कुठल्या वाडीचं?"

मी वही त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली. चेहऱ्याचा रंगच उडाला. 

मग मुलीकडे न बघता ते म्हणाले, "गेझा, पायरीवर आइकहोफ उभे आहेत. त्यांना आत बोलाव."